ताईला विमानात बसवायचंय

४ तारीख, सोमवार
आणि वर मलाच विचारतो, काकू, शेवटचं पूर्ण लँडिंग कधी केलंत? काल मिसरूड फुटलेला फ्लाइंग क्लबचा मास्तर! म्हणे गेल्या नव्वद दिवसांत तीनदा उतरून विमान पूर्ण थांबवलेलं पाहिजे, तरच मागं माणूस बसवायचा. अरे, सगळा हंगाम उडतेय मी! तर म्हणतो, ते क्लबचं विमान, पुढं चाक असलेलं. ते धरत नाही. तुमचं स्वतःचं शेपटीखाली चाकवालं, त्यात करून दाखवा. चाक पुढं असो नाहीतर मागं, आभाळ एकच ना?

रविवारी ताई येतेय. मग गुरुवारी मुलाकडे परदेशी, कायमची. लहानपणी एकदाच माझ्या सायकलवर मागं बसली. तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगते, ही पाडते. जायच्या आधी तिला वर फिरवून आणणार म्हणजे आणणार. तीन लँडिंग म्हणजे काय, चहा उकळेपर्यंतचं काम.

५ तारीख
उद्यापासून पहाटे. आज डोकं दुखतंय.

७ तारीख
काल वारा फार. हे म्हणाले, पान हलत नव्हतं. यांना काय कळतोय वरचा वारा.

८ तारीख, शुक्रवार
झाली तीन! चाकं टेकवली की वर, टेकवली की वर. मास्तर म्हणतो, थांबला नाहीत, धरत नाही. शेपटीखाली चाकवालं विमान टेकल्यावरच नखरे करतं, खरी परीक्षा तिथून पुढं. मी म्हटलं, बरं, पहिल्या वेळी टेकताना विमानाला तीन उड्या बसल्या, त्या तरी तीन धर. हसला. दात किडलेत त्याचे.

९ तारीख, शनिवार
दोन केली. थांबून. दुसऱ्याला जरा डुगडुगलं, गवत ओलं होतं. हे म्हणाले, तिसरंही आत्ताच उरकून टाक. अजिबात नाही. तिसरं उद्या, ताईच्या डोळ्यांदेखत. यांना हौस म्हणून कशाची नाही.

१० तारीख, रविवार
उतरले फुलासारखी. मग शेपटाला कुणी सांगितलं होतं पुढं यायला? गर्रकन गिरकी, आणि ज्या वाटेनं आले त्याच वाटेकडं तोंड करून उभी. पंखाचं टोक खरवडलं. बाकावरून ताई म्हणाली, सायकलही अशीच वळवली होतीस गं. मास्तर म्हणाला, काकू, हे नाही धरत.

मग ताईला त्यानंच नेलं, क्लबच्या विमानातून. वरून हात हलवत होती. मी खाली पंखात अडकलेलं गवत उपटत होते. उतरल्यावर म्हणते कशी, काय गुळगुळीत उतरवतो गं पोरगा!

हे टोकाला चिकटपट्टी लावताहेत. वर शीळ घालताहेत. तेच जास्त लागतं.

पण मी म्हणते, विमान थांबलं की नाही? पूर्ण थांबलं. थांबताना तोंड कुठं असावं, हे नियमात कुठं लिहिलंय? ताई गुरुवारी जाणार. हे तिसरं धरतो की नाही, मास्तरनं बुधवारपर्यंत सांगावं.