किल्ली गाडीत नाही

नोरीन,

आपल्याकडे किल्ली कायम गाडीतच असते, पण आज ती माझ्या खिशात आहे. कालच्या भांडणानंतर तू बहिणीकडे जाऊ नयेस म्हणून लपवली, असं समजू नकोस.

वळताना खटखट वाजतं, असं तू महिनाभर सांगत होतीस. मी म्हणालो, रेडिओ मोठा लाव. आज सकाळी खाली वाकून स्टिअरिंगच्या दांड्याचा सांधा हलवून पाहिला, तर त्याचा बोल्ट जेमतेम दोन आट्यांवर लटकत होता. परवा याच गाडीतून तू नातवाला शाळेत सोडलंस.

शेजारच्या क्लाइव्हबरोबर चार्लव्हिलला नवा बोल्ट आणायला चाललोय. कुत्र्याला खायला घातलंय. दुपारी बोल्ट बसवून आधी मी स्वतः एक चक्कर मारीन. मग किल्ली जागेवर ठेवीन. जायचं की नाही, ते तू ठरव.

डेस