मोहरीएवढ्या गोगलगायी आणि दुसरा निरीक्षक

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरल्यामुळे कागदावरच). तुझी कंबर कशी आहे? भावजींचा घसा सुटला का? मी ठणठणीत आहे. थोडा खोकला आहे, पण घरात तेवढाच आवाज होतो, म्हणून औषध घेतलेलं नाही.

नव्या नोकरीत मी नेमकं करतो काय, असं तू विचारलंस. गोगलगायी मोजतो. हसू नकोस. गावाबाहेर बंद पडलेली चुन्याची भट्टी आहे आणि तिच्यामागे चुनखडीचा कडा, जेमतेम सतरा पावलं लांब. त्याच्या भेगांत मोहरीएवढी एक गोगलगाय राहते, ती जगात दुसरीकडे कुठेही सापडत नाही. ओल असली की बाहेर येऊन शेवाळ खरवडते, ऊन तापलं की शंखाचं तोंड पातळ पडद्याने बंद करून दगडाला चिकटून बसते. जन्मभरात हातभर जागा सोडत नाही. ("अगदी तुझ्यासारखी", असं तू मला म्हणणार. म्हण.)

मोजणीला माणसं दोन लागतात, तसा नियमच आहे. एकाने भिंगातून बघून आकडा सांगायचा, दुसऱ्याने लिहायचा. माझे जोडीदार निवृत्त होऊन लेकीकडे गेले आणि ऑफिसने बदली माणूस काही दिला नाही. तेव्हा मी एका स्टुलावर बसून "भेग नववी, तेवीस" असं मोठ्याने म्हणतो, मग उठून दुसऱ्या स्टुलावर जातो आणि लिहितो. परवा लिहिणारा "जरा नीट सांगा" म्हणाला, त्याचा सांगणाऱ्याला राग आला आणि दुपारभर दोघांचं बोलणं बंद होतं. ताई, हे गमतीत लिहितोय खरं, पण त्या दुपारी मला फार एकटं वाटलं.

एकच गोगलगाय दोनदा मोजली जाऊ नये म्हणून प्रत्येकीच्या शंखावर सुईच्या टोकाने नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा असतो. ते आणायला नाक्यावरच्या दुकानात गेलो (इथली टपालपेटीही तिथेच आहे). दुकानवाल्या बाईंनी विचारलं, "वहिनींसाठी का?" आता पन्नाशीच्या माणसाने गोगलगायींसाठी असं कसं सांगायचं? मी "हो" म्हणून मोकळा झालो आणि तिथेच फसलो. तेव्हापासून रोज वहिनींची चौकशी. "वहिनी दिसत नाहीत त्या?" मी तिला आधी सर्दी दिली, मग संधिवात. आता बिचारी अंथरुणाला खिळली आहे. गेल्या आठवड्यात बाईंनी तिच्यासाठी डबाभर सूप दिलं (चांगलं होतं).

अशात ऑफिसकडून मोजणीचा तक्ता परत आला, दुसऱ्या निरीक्षकाची सही नाही म्हणून. महिनाअखेरपर्यंत सही झाली नाही तर मोजणी रद्द, कागदावर कडा रिकामा, आणि खाणवाले तो फोडायला मोकळे. हे मी दुकानात बोलून गेलो. बाई म्हणाल्या, "अहो, दुपारी दुकान बंदच असतं माझं. घरी तरी कोण आहे बोलायला? आले असते मी लिहायला, अक्षरही बरं आहे. पण तुमची बायको आजारी, आणि मी भट्टीमागे तुमच्याबरोबर बसायचं, बरं दिसतं का ते?" मी नेलपॉलिशची आणखी एक बाटली घेऊन घरी आलो.

या जातीत प्रत्येक गोगलगाय नरही असते आणि मादीही. म्हणजे तिचं एकटीचं भागायला हरकत नव्हती. तरी ओल आली की ती दुसरी शोधायला निघते, तासाला चार बोटं या वेगाने. मी दुकानात वीस मिनिटांत पोचतो आणि खोटं बोलून परत येतो.

बाकी क्षेम. भावजींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा
धाकटा

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. तू बाईंना एक पत्र लिही, की माझा भाऊ बिनलग्नाचा आहे, मूर्ख आहे, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. मी सांगायला तीनदा जाऊन आलो. घरात चार बाटल्या झाल्या आहेत.

ता. क. किंवा राहू दे. हे पाकीट उघडंच त्यांच्या हातात देतो, डिंक संपलाय म्हणतो. (डिंकाची भरलेली बाटली समोर आहे.) वाचतील.

ता. क. पण बाई प्रामाणिक आहेत, न वाचताच चिकटवून पेटीत टाकतील, ही मोठी धास्ती आहे. आठवड्याभरात माझं दुसरं पत्र आलं नाही तर तसंच झालं असं समज, आणि तू ये. दुसऱ्या निरीक्षकाला शिक्षणाची अट नाही. नियमात एवढंच लिहिलंय, की तो दुसरा माणूस असावा.