सोनीच्या कुंडीचा उन्हाळा

२ मार्च
सोनीच्या अल्स्ट्रोमेरियाला अजून दोन दांडे. गुलाबी फूल, आत तपकिरी रेघा. तिला जाऊन दीड महिना झाला अन् हिची फुलं काही थांबेनात. राग आला मला, खरंच आला. कात्री घेऊन गेले तर तिचंच आठवलं, "आई, कापू नको गं, बुडातून ओढून घे, मग नवा कोंब येतो." ओढला. फोटोपुढं ठेवला. दिवसभर काही सुचलं न्हाई.

१९ मार्च
विकासचा फोन. नणंदेचा पोरगा, जावई झाला तरी मला मामीच म्हणतो. त्याच्या पलटणीकडं पहाडात अजून बर्फ. क्वार्टरपुढच्या वाफ्यावर सोनीनं थंडीच्या आधी चीडाच्या झाडाची वाळकी, सुयांसारखी पानं पसरली होती. म्हणाला, "मामी, उकरून बघितलं. खाली जिवंत हाय." त्याच थंडीत तिचा ताप डोक्यात गेला, बर्फानं रस्ता बंद, अन्...
त्याच वाफ्यातला मुळीचा तुकडा तिनं मागच्या दिवाळीला पिशवीतून आणला होता. तिकडं ते झाड थंडीत झोपतं, आपल्याकडं उन्हात. तिनंच सांगितलेलं.

११ एप्रिल
पानं पिवळी पडली, दांडे आडवे. हे म्हणाले, "मेलं की गं ते." अंगावरच गेले मी. "मेलं न्हाई, झोपलंय! असलं तोंडातून काढू नका." कुंडी टाकीच्या मागं सावलीत नेली, भोवती ओलं गोणपाट. आत पाणी घोटभरच, जास्त झालं की मुळ्या कुजतात. शेजारीण म्हणते, रिकाम्या कुंडीला काय जपतेस. जपते. तुझं काय जातंय?

१० मे
ऊन लई. केजच्या बाजारातून आले तर डोळ्यांपुढं अंधारी. आधी कुंडीकडं गेले, मग पाणी प्याले.

१४ मे
काय लिहू.
सकाळी कुंडीवर हिरवट थर दिसला. ह्यांनी गोठ्यातनं ताज्या शेणाचा काला आणून ओतलेला, काठोकाठ. "कावून ओतलं?" तर म्हणाले, "सारवलेली भुई गार ऱ्हाती का न्हाई? म्हणलं हिलाबी गार वाटंल." ताजं शेण मुळाशी! आतून तापतं ते. कुणब्याचा माणूस, जन्म शेतात गेला, अन् एवढं कळू नये? नको नको ते बोलले. "लेक गेली, आता तिचं झाडबी घालवा," असं बोलले. बोलायला नको होतं. हे उठून शेताकडं गेले, जेवायला आले न्हाईत.

१५ मे
माती उपसली. मुळ्या शतावरीसारख्या, पांढऱ्या, गुबगुबीत असतात. हाताला चिखलच लागला. वास. एकच मूळ टणक निघालं, डोळ्यासकट. धुऊन कोरड्या वाळूत ठेवलं. "हात लावायचा न्हाई," एवढंच बोलले ह्यांच्याशी.

२७ जून
बोलणं ताट वाढण्यापुरतं.

१८ जुलै
विकासनं फोटो पाठवला. तिकडचा वाफा भरून फुललाय. मोबाईल पालथा घातला. मग परत सुलटा केला. म्हणतो, "मामी, इथनं दुसरा तुकडा आणून देतो, तोबी तिच्याच हातचा." नको म्हणलं. हा तिनं माझ्या हातावर ठेवला होता, "सांभाळ हं" म्हणून. त्याला कसं समजवायचं? फोन ठेवल्यावर ओट्यावरनं हे बोलले, इतक्या दिवसांनी आपणहून, "माझीबी लेक होती गं." तोंड भिंतीकडं होतं. खांदे हलत होते. मी पोळ्या करत ऱ्हायले, तव्यावरची करपली. जायला पाहिजे होतं जवळ. गेले न्हाई.

९ सप्टेंबर
वाळूतून काढून कुंडीत लावलं. ह्यांना हाक मारली, "माती चाळून द्या जरा." लगेच आले. चाळण घेऊन गुडघ्यावर हात टेकत खाली बसले. म्हातारे झाले हे, या एका वर्षात. मी तरी कुठं तरणी ऱ्हायले?

४ ऑक्टोबर
पहाटे गारवा. काही न्हाई. उकरून बघायची लई इच्छा होते. उकरलं अन् कुजलेलं निघालं तर? मग सोनीचं म्हणून दारात काय ऱ्हाईल?

१३ ऑक्टो.
काही न्हाई.

२१ ऑक्टो.
दिवे उजळायला लागले लोक. आम्ही या वर्षी काही करणार न्हाई. सकाळी चहा घेऊन मागं गेले तर हे कुंडीपाशी उकिडवे, हळू आवाजात बोलत होते, "सोने, ऊठ गं. ऊन गेलं आता." मी दारातच थांबले. चहा निवला तरी पुढं व्हायचं धाडस झालं न्हाई.