सुमेरमल शेठचे व्याघ्रपाद

१२ ऑगस्ट १९३७, गुरुवार

सुमेरमल शेठच्या किराणा दुकानातले पावशेराचे वजन चार हजार वर्षांपूर्वीचे आहे. आज दुपारी हे नक्की झाले. नक्की मीच केले. नंदुरबारात दुसरे कोण करणार?

गूळ आणायला गेलो होतो. शेठनी पारड्यात एक काळपट, हिरवे डाग पडलेला धातूचा गट्टू टाकला. बाकीची वजने लोखंडाची, हे एकच तांब्याच्या जातीचे. वर कोरलेली खूण अशी: ऽ। म्हणजे एक साप आणि शेजारी काठी. अंगावर काटा आला. सिंधमध्ये जमिनीखाली शहरे सापडली, तिथल्या मुद्रांवर असलीच चित्रे असल्याचे मासिकात वाचले आहे. आणि इथे त्याने गूळ तोलतात!

घरी आल्यावर हिने गूळ मागितला. गूळ दुकानातच राहिला.

१३ ऑगस्ट

शेठ दुपारी एक ते तीन दुकान बंद ठेवतात. तेवढा वेळ वजन न्यायला कबूल झाले. म्हणाले, "ले जाओ मास्तरसाब, पण तीनच्या ठोक्याला परत. संध्याकाळचं गिऱ्हाईक सगळं पावशेराचंच. माझ्या दादाजींच्या वेळचं आहे. आजवर आमच्या काट्याकडे कुणी बोट दाखवलं नाही." त्यांना काट्याचे कौतुक. वस्तूची किंमत कळत नाही.

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तराजूवर बरोबर वीस तोळे भरले. नोंद केली.

संकल्प: वस्तूला शक्यतो इजा करायची नाही. 'शक्यतो' हा शब्द शास्त्रात फार महत्त्वाचा.

१६ ऑगस्ट

बुडाशी कानस चालवली. चिमूटभर भुगा. नायट्रिक ॲसिडात टाकताच तपकिरी धूर. खिडकी उघडायची राहिली होती, बाकी प्रयोग उत्तम. द्रावण निळे-हिरवे, म्हणजे तांबे. खाली पांढरा गाळ, म्हणजे कथील. कथील खानदेशात होत नाही. ते गलबतातून भडोचला आणि तिथून तापीकाठाने वर आले, हे उघड आहे. एका चिमटीत केवढा व्यापारी मार्ग!

जस्त सापडले नाही. जस्त तपासायचे रसायन शाळेत नाही. तरीही सापडले नाही हे खरेच, आणि जस्त नाही त्याअर्थी वस्तू अतिप्राचीन.

१९ ऑगस्ट

प्रमाण काढले. तांबे ८४, कथील २३. बेरीज एकशे सात. पहिला नमुना अपुरा होता असे दिसते. उद्या मोठा घेणार.

२३ ऑगस्ट

बेरीज एक्याण्णव. कानशीने फक्त कातडी मिळते, गाभा मिळत नाही. गाभ्याशिवाय घडणीची रीत कशी कळणार? बुडातून गिरमिटाने भोक पाडले. दोन दिवस फिरवत होतो. भोक लाखेने बुजवले, वर काजळी लावली. माझे मलाच ओळखू येईना.

२५ ऑगस्ट

आज वजन साडेसतरा तोळे! दोनदा पाहिले. प्राचीन धातू फार वर्षांनी संशोधकाच्या हाती आल्यावर हलका होतो असे दिसते. हा नवाच नियम असावा. स्वतंत्र टिपण लिहीन.

२७ ऑगस्ट

युसुफ तांबटाला बोलावले. शास्त्राच्या जोडीला कारागिराचे मत असावे, म्हणजे निबंधाला शोभा येते. त्याने गट्टू नखाने वाजवला, कानाशी नेला. म्हणाला, "मास्तर, हाई मन्हा आजाना हातनं काम शे. सारंगखेडानी जत्रामां घोडास्ना फुटका घुंगरू मिळेत, त्या वितळाईसन बनाडेल शे." या लोकांना गावातली प्रत्येक वस्तू आजोबांनीच केलेली वाटते. शिवाय म्हणतो, आवाज बद्द येतो, पूर्वी असा नव्हता. मी विषय बदलला आणि साप दाखवला. तो हसला. "साप? साप नही मास्तर, शेर शे, शेर! आनी बाजूले पाव."

मी थरारलो. शेर आणि पाव! वाघ आणि त्याचे पाऊल! सातपुड्यात आजही वाघदेवाला पुजतात. ही खूण म्हणजे वाघाचा पंजा. युसुफला आपण काय बोलून गेलो हे कळलेसुद्धा नाही. तो अजून हसतच होता.

निबंधाचे नाव ठरले: 'खानदेशातील व्याघ्रपाद संप्रदाय'. आकृतीसह पुण्याच्या एका संशोधक मंडळाला पाठवला.

३० ऑगस्ट

एक ते तीनमध्ये काम उरकत नाही. आज पूर्ण गट्टूच पातळ ॲसिडात उभा केला. वरचा मळ जाऊन मूळ रंग दिसावा एवढाच हेतू. तेवढ्यात डोळा लागला. जागा झालो तो पावणेतीन. मूळ रंग छान दिसला. पंजाची नखे थोडी बोथट झाली. बुडाला पुन्हा काजळी लावून तीनला पोचवला. शेठनी डोळ्यांजवळ धरून पाहिला आणि म्हणाले, "मास्तर, तुमच्याकडे जाऊन उजळ होऊन येतो."

२ सप्टेंबर

आपल्या शेठची नीतिमत्ता घसरत चालली आहे. ही म्हणते, पावशेर गूळ चार दिवस पुरायचा, तो आता तीन दिवसांत संपतो. मी दुकानात गेलो तर वांगी विकणारी तापीबाई पदर खोचून उभी. "का शेठ, तुन्हा पावशेरले उधई लागनी का? पहिले मिरच्या पदरमां मावेत, आते मुठमां मावतस!" वजनाला वाळवी! शेठ म्हणाले, "बाई, काटा तुझ्यासमोर आहे." ती म्हणाली, "काटा समोर शे, पन मिरच्या कोठे शेत?" सगळे हसले. शेठ मात्र हसले नाहीत. उगाच पारडी पुसत बसले.

ज्या माणसाच्या हाती चार हजार वर्षांचा ठेवा आहे, त्याने मापात मारावे!

३ सप्टेंबर

नागरिकाचे कर्तव्य केले. वजनमापांच्या साहेबाला धुळ्याला पत्र टाकले: 'नंदुरबारचे अमुक दुकानदार पावशेरात खोट करतात, गरिबांची नाडणूक होते, खात्री करावी.' खाली 'एक जागरूक माणूस' अशी सही. अक्षर मुद्दाम डावीकडे झुकवले.

दुपारी नेहमीप्रमाणे वजन आणले. तिसरा नमुना घेतला. बेरीज नव्व्याण्णव! वाईट इतकेच की कोणत्या आकड्याला काय म्हटले होते ते लिहून ठेवायचे राहिले.

७ सप्टेंबर

पुण्याहून कार्ड. मजकूर दोन ओळींचा: 'आकृती मिळाली. ऽ म्हणजे शेर, उभी रेघ म्हणजे पाव. वस्तू पावशेराचे वजन असावी.'

असावी! ते वजन आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे. पुणेकरांना वाघाची काय माहिती?

तरी रात्रभर ते दोन शब्द डोक्यात उलटसुलट फिरत होते. शेर, पाव. पाव, शेर.

८ सप्टेंबर

साहेब आले. वाटले होते त्याहून लवकर. भर बाजारात शेठची सगळी वजने तपासली. लोखंडाची सगळी बरोबर. पावशेर सोळा तोळे. वीसला सोळा! माणसे जमली. तापीबाई म्हणाली, "मी काय सांगी ऱ्हायनू होतू?" आणि मग शेठचा चेहरा पाहून तीच मागे सरली.

साहेबांनी युसुफकडून गट्टू कापडात बांधून घेतला आणि सील केला. सोमवारी चावडीवर पंचांसमोर उघडणार. खोट मुद्दाम केलेली ठरली तर खटला. शेठ एवढेच म्हणत होते, "दादाजींचं आहे साहेब, दादाजींचं आहे."

मी गर्दीत मागे होतो. पुढे जाऊन प्राचीन धातूंच्या हलके होण्याचा नियम सांगणार होतो, पण साहेबांना घाई दिसली.

९ सप्टेंबर, गणेश चतुर्थी

मोदक अकरा झाले. एकवीस व्हायला हवे होते. गूळ तेवढाच पुरला. हिने ताट ठेवले आणि माझ्या उजव्या हाताच्या बोटांकडे बघत राहिली. ॲसिडाचे पिवळे डाग जात नाहीत.

१० सप्टेंबर

शेठचे पर्युषण काल संपले. आज सकाळी ते घरोघर फिरले. दरवर्षी ओळखीच्या घरी जातात. यंदा गिऱ्हाइकांच्या घरीही. तापीबाईच्या झोपडीपर्यंत जाऊन आले म्हणतात. आमच्याकडे आले तेव्हा पायात वहाणा नव्हत्या. दारातच हात जोडले. "मिच्छामि दुक्कडं, मास्तरसाब. मनानं, बोलण्यानं, काट्यानं काही चुकलं असेल तर माफ करा." 'काट्यानं' हे यंदाच घातले असावे. मग म्हणाले, "कसं झालं कळत नाही. पण तुमच्या घरीही गूळ कमी आला, एवढं खरं."

उलट आपणही तसेच म्हणायचे असते. मला ते ठाऊक आहे. मी म्हणालो, "असू द्या, असू द्या."

ही आतून म्हणाली, "शेठजी, बसा, चहा घेता का?" त्यांचा सकाळचा काही नेम होता. ते गेले. मी त्यांना मोठ्या मनाने माफ केले, असे इथे लिहिले होते. खोडले.

१२ सप्टेंबर, रविवार

प्रयोगशाळेची झाडझूड केली. बरणीच्या तळाशी निळे पाणी आहे. शेठचे चार तोळे म्हणायचे तर तेच.

संध्याकाळी शेठ पुन्हा आले. म्हणाले, उद्या युसुफ पंच आहे, तो बूड खरवडून दाखवणार आहे. म्हणजे बुडाशी लाख आहे हे त्याने सील करतानाच ओळखले आणि कुणाला सांगितले नाही. शेठना लाखेचे काही ठाऊक नाही. ते मला न्यायला आले होते. म्हणाले, "मास्तर, मी किराणा विकणारा माणूस. साहेबापुढे माझी जीभ चालणार नाही. हे वजन रोज तुम्ही जवळून पाहत होता. शास्त्र जाणता. ते कमी कशानं झालं, ते तुम्हीच सांगा. तुमच्या शब्दाला मान आहे."

बरे म्हणालो.

ते गेल्यावर कागद घेऊन बसलो. निबंध लिहायची सवय आहे, पण प्रस्तावना सुचेना. तीन कागद फाडले. चौथ्यावर एकच वाक्य आले, तेही आकृतीशिवाय: 'साहेब, हे वजन मी खाल्ले, आणि पत्रही मीच लिहिले.' हिला वाचून दाखवले. ती म्हणाली, अक्षर सरळ काढा.

पंचनामा उद्या दहाला. शेठ पावणेदहाला छत्री घेऊन येणार आहेत, मास्तर भिजू नयेत म्हणून.