सरळ रेष

४ ऑगस्ट, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. उद्या कुणी विचारलं, हे मशीन बनवलंत कसं, तर आठवायला हवं.
वसाहतीमागच्या टेकडीवर कल मोजणारी नऊ यंत्रं बसवली. टेकडी केसभर सरकली तरी त्यांना कळतं. त्यांचं ऐकणारा कॉम्प्युटर माझ्या डिझाइनचा, ठेवलाय माझ्याच घरात. सेकंदाला शंभर रीडिंग, तिथल्या तिथे, उशीर नाही. टेकडीखाली आम्ही संस्थेचे सगळे स्टाफवाले राहतो. किती लोक माझ्या भरवशावर निर्धास्त झोपतात, हे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, बेडरूमचं दार अडकतंय, ते आधी बघ. पिकतं तिथं विकत नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार
संचालक आले होते. पडद्यावरची रेष थरथरत होती. ही अशी का नाचतेय, म्हणाले. कुत्रं धावलं तरी हलते, इतकी नाजूक आहे, असं सांगितलं. लोक घाबरतील, म्हणाले. मुद्दा बरोबर.
संध्याकाळी नियम टाकला. रीडिंग आधीच्यापेक्षा फार वेगळं आलं तर तो गोंगाट. फेकून द्यायचं आणि आधीचं चांगलं रीडिंगच पुन्हा दाखवायचं. चार ओळींचं काम. रेष सरळ. फेकलेलं साठवत नाही. कचरा कोण साठवतं?

११ ऑगस्ट
दार रंध्याने तासलं. दमट हवेत लाकूड फुगतं, त्यात काही नाही.
भूगर्भवाल्या बाईंचा फोन. जिवंत टेकडीची रेष इतकी सरळ नसते म्हणे, कच्ची रीडिंग पाठवा. बाईंना स्वतःला वर्षभरात एक रेष सरळ काढता आली नाही. नाचता येईना अंगण वाकडं. (आमच्या अंगणातली फरशी एका बाजूने उतरलीय खरी. गवंड्याचं काम.)

१४ ऑगस्ट
बाईंचा पुन्हा फोन, आवाज चढलेला. पाठवायला काही ठेवलेलंच नाही हे कसं सांगणार? सर्व्हर बंद आहे म्हणालो. संकल्प: नियम सुधारणे. रविवारी नक्की.
शेजारचे निवृत्त मास्तर आले होते. एकटेच राहतात, गुडघे गेलेत. भिंतीला चीर पडलीय, लेकीकडे जाऊ का, असं विचारत होते. घरात बसवून पडदा दाखवला. मास्तरांचा चेहरा खुलला. तुम्ही आहात तर मी कशाला हलू, म्हणाले. फार बरं वाटलं. माझ्या घरात असं कुणी बोलत नाही.

१७ ऑगस्ट, रविवार
दुपारी डोळा लागला. नियम उद्या.
दार पुन्हा तासलं. आता वरून बोट जातं आणि खालून लागतं. सुतार भिकार.
बायकोने बादली दाखवली. पाणी एकीकडे काठाला, दुसरीकडे चार बोटं खाली. म्हटलं, बादलीचं बूड चेपलंय.

१९ ऑगस्ट
बायको माझ्या आईला घेऊन मेव्हणीकडे गेली. पडदा बघ, असं परोपरीने सांगितलं. ती म्हणाली, मी बादली बघून चाललेय. आईसुद्धा! म्हणते, मशीन तुझं आहे रे बाबा, पण पाय माझे आहेत, आणि ते घरात चालताना उताराला लागतात.
दोघी गेल्यावर भीती वाटली. खरंच वाटली. पडद्यासमोर जाऊन बसलो. नऊच्या नऊ यंत्रांचा आकडा गेल्या आठवड्यापासून दशांशानेही हललेला नाही. याला म्हणतात स्थैर्य. धीर आला. खिचडी करपली.

२१ ऑगस्ट, सकाळ
पहाटेपासून जमिनीतून जात्यासारखी घरघर. बाहेरचं दार उघडत नाही. खांदा लावला, खांदा दुखावला. खिडक्यांना गज.
नियमाच्या चार ओळी काढल्या. नऊही रेषा पडद्याच्या वर निघून गेल्या, दिसतच नाहीत. ओळी परत टाकल्या. रेष सरळ.
बायकोला फोन केला. ती ओरडली नाही, हेच वाईट. अग्निशमनवाल्यांना पाठवतेय, तोवर एका जागी बस, म्हणाली. म्हणून लिहितोय.
मास्तरांनी त्यांच्या खिडकीतून हाक मारली. साहेब, पडदा काय म्हणतो? नेहमीचं उत्तर तोंडात आलं होतं, बोलवेना. म्हटलं, मास्तर, पडदा राहू दे, आत्ताच्या आत्ता बाहेर पडा.
ते म्हणाले, माझं दार परवापासूनच उघडत नाहीये. तुमची रेष सरळ होती, म्हणून उगीच तुम्हाला त्रास दिला नाही.