टर्कीच्या सात पिलांची आरोग्यव्यवस्था

३ मार्च २०२५, सोमवार.
परसातील खुडूक कोंबडीखाली ठेवलेल्या टर्कीच्या नऊ अंड्यांतून सात पिले निघाली. दोन अंडी मुळातच सदोष होती. निपाणीस जनावरांच्या डॉक्टरांस भेटलो. कोंबडीपासून टर्कीस लिव्हरचा प्राणघातक रोग लागतो, सबब एकत्र ठेवू नये, असे त्यांचे मत पडले. ते पुढेही बोलत होते. परंतु मुद्दा ध्यानी आल्यामुळे मी उठलो.

दुपारी. परसातील कोंबडीच्या खोपीच्या भिंतीवर खडूने नियम लिहिले. १) बाहेरील व्यक्तीस प्रवेश नाही. २) उंबऱ्यावर चुन्याची रेषा. ३) आतील चप्पल वेगळी. ४) भाताचे तूस कोरडे. ५) पाणी उकळलेले. ६) कोंबडीचा संबंध समाप्त.
एकही पिलू रोगाने दगावणार नाही, असे शेजारच्या भरमूसमक्ष जाहीर केले.

रविवारी नात माधवीचा साखरपुडा, बेळगावात खासबागेस. सुपारी फोडण्याचा मान माझा. तोवर व्यवस्था मार्गी लागेल.

४ मार्च.
कोंबडी बाहेर काढली. पिले दाणा खात नाहीत, केवळ ओरडतात. शिस्त लागण्यास अवधी लागतो. आमची सौ. मालुबाई म्हणाली, "आईबिगर खायाला कोन शिकिवनार त्यास्नी?" तिला नियम सहावा वाचून दाखविला.

५ मार्च.
एक पिलू गेले. रोगाने नव्हे, उपासमारीने. सबब माझे वचन अबाधित आहे.

सकाळी ११. पाटावर दाणे पसरून तर्जनीने टोकरून दाखविले. सहाही पिले खाऊ लागली! बोट थांबले की पिलेही थांबतात. किरकोळ बाब.

६ मार्च.
उठलो की आक्रोश. दिवसभर खोपीतच. मालुबाईने ताट रेषेपलीकडे ठेवले. ते काठीने ओढून घेतले. आमटी सांडली. पिले माझ्या धोतराच्या ओच्यात निजली असल्यामुळे चार तास लघुशंकेस जाता आले नाही. ही बंधने मी स्वेच्छेने स्वीकारली आहेत.

७ मार्च.
भरमू कुंपणावरून ओरडला, "आप्पा, खुडूक बसलाय व्हय? किती दिसानं उठनार?" नळावरच्या बायका हसल्या.

सायंकाळी माधवी आली. रेषेबाहेर उभी राहिली. म्हणाली, "आजोबा, सुपारी तुमीच फोडायची. दुसऱ्या कुनी फोडल्याली मला चालायची न्हाय. सोडा की कोंबडी आत." नियमांचे महत्त्व तिला समजावून सांगितले. ती रेषेवरूनच माघारी गेली. चुन्यामुळे माझ्या डोळ्यांस पाणी आले.

८ मार्च.
उपाय सापडला. गजराचे घड्याळ पाटावर ठेवले. टकटक ऐकून पिले खातील.

दुपारी. पिले घड्याळास टेकून निजली.

९ मार्च, रविवार. सकाळी ६.
कोट व टोपी घालून सज्ज. क्रूझर गाडी साडेसातला निघणार, मुहूर्त साडेनऊचा.

७.१०. उठलो. आक्रोश. बसलो.

७.२५. उठलो. बसलो. कोटावर शीट.

७.३५. चिरंजीव रविराज तीनदा हॉर्न वाजवून खोपीशी आला. म्हणाला, "आप्पा, आता आला न्हाईसा तर लेकीला काय सांगू मी?" पुढे व्हा, मागाहून येतो, असे मी सांगितले. माझ्या रिकाम्या जागेवर भरमू बसला.

८.०५. घर रिकामे. केवळ प्रयोगादाखल, मी स्वतः कोंबडी आत सोडली. तिने एकदा साद घातली. सहाही पिले पंखांखाली गेली. माझ्याकडे एकानेही पाहिले नाही.

८.१०. मी मोकळा आहे. आता एसटीने पोहोचेपर्यंत साडेदहा होतील.

दुपारी १२. डॉक्टरांस फोन केला. पिलांस बोटाने टोकरून शिकवावे, आणि दाण्यावर चकाकती गोटी ठेवावी म्हणजे ती एकट्यानेही चोच मारतात, हेच त्या दिवशी सांगत होतो, असे ते म्हणाले. सुपारी भरमूने फोडली, असे रविराजने कळविले. माधवी फोनवर आली नाही.

सायंकाळी. नियम सहावा ओल्या फडक्याने पुसला.
पिलांस पाहण्यास आत गेलो. कोंबडीने मनगटास चोच मारून रक्त काढले. बाहेरील व्यक्तीस प्रवेश नाही, हा नियम आता काटेकोरपणे पाळला जात आहे.