बाबांचा रोमन पूल

५ जानेवारी २०२५, रविवार

आज पुन्हा! उठले तर बाबा बूट घालून, पाण्याची बाटली भरून दारात उभे. आई गेल्यापासून एकही रविवार माझा राहिलेला नाही. आठवडाभर लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायचं आणि सुट्टीला बाबांबरोबर जुने दगड बघत फिरायचं. आज कल्याणचा दुर्गाडी किल्ला. माझं डोकं मात्र नाशिकमध्ये. तिथल्या लॅबने बोलावलंय, महिनाअखेरपर्यंत कळवा म्हणालेत. बाबांना अजून सांगितलेलं नाही. पायऱ्या उतरताना ते माझा दंड धरतात. सांगायचं ओठांवर येतं, आणि दंड तर त्यांच्या हातात.

८ जानेवारी

नाही सांगितलं.

१२ जानेवारी, रविवार

आज रोमन पूल. रोमन! दामूकाकांनी फोनवर सांगितलं म्हणे. ते बाबांचे पाणीखात्यातले सोबती, हल्ली वज्रेश्वरीला लॉज चालवतात. कल्याण बंदरात रोमची जहाजं यायची, मग खाडीतला पूलही त्यांचाच असणार — असा त्यांचा हिशोब.

अंजूरपर्यंत रिक्षा. मग गोदामांच्या मागून चिखलातून चालत. ओहोटी होती. खाडीत काळ्या दगडांचे चार-पाच खुंट, एकावर बगळा. झाला पूल! बाबा टोपी काढून बघत राहिले. तिथे सीताबाई म्हणून एक म्हातारी कालवांचे शिंपले फोडत बसली होती. बाबांनी तिला अख्खा रोम ऐकवला. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"रोमन न्हाय वो. सायबाच्या टायमाचा हाय. माझा आजा दगडं वाहाया होता त्याच्यावर."

बाबा म्हणाले, असेल. पण टोपी लगेच घातली नाही.

परतताना अंजूरफाट्याला अडकलो. दोन्ही बाजूंना कंटेनर, रिक्षातून पाय खाली टाकायला जागा नाही. धूर, हॉर्न. वाटलं, पन्नाशीतही मी अशीच बसलेली असेन, शेजारी बाबा, मांडीवर पाण्याची बाटली. धीर करून विचारलं, मी बाहेरगावी नोकरी घेतली तर?

कंटेनरकडे बघतच ते म्हणाले, "जेवणाचं काय होईल?"

म्हणजे त्यांच्या जेवणाचं. मी म्हटलं, सहज विचारलं.

१५ जानेवारी

लॅबमधली मेघाली म्हणते, सांगून टाक एकदाचं. तिला काय जातंय! घरी आले तर बाबा खिडकीत. मी ताटावर बसेपर्यंत जेवत नाहीत. आजही भाजी दुसऱ्यांदा गरम केलेली. अर्धी पोळी ताटात ठेवून उठले.

१९ जानेवारी, रविवार

लोनाडची लेणी. चढण फार नाही, पण बाबा सारखे थांबत होते. आत गारवा. बुद्धवंदना करून टेकलो. बाहेर माणूस नाही. मी सांगितलं. नाशिक, पगार, खोली, सगळं एका दमात. सांगता सांगता रडले.

बाबा गुडघा चोळत म्हणाले, "मला हल्ली चालवत नाही ग, संघरत्ना."

मनात म्हटलं, आलं. आता मी कुठे जाणार?

पण ते पुढे बोलले. "दामू वर्षभर बोलावतोय. त्याच्या लॉजवर गल्ल्यावर बसायचं, संध्याकाळी गरम कुंडात पाय सोडायचे. मीच नको म्हणत होतो. तुला एकटीला टाकून कसा जाऊ? तुझ्या जेवणाची पण आबाळ. आई गेल्यावर तू रविवारी नुसती पडून असायचीस. तुला घराबाहेर काढायला म्हणून मी हे किल्ले-बिल्ले शोधायला लागलो."

"म्हणजे तुम्हाला आवडत नव्हतं?"

"पूल आवडला," म्हणाले.

उतरताना बाबांनी दंड धरला. मला राग आला होता. कोणाचा, ते कळेना.

२२ जानेवारी

बाबा शीळ घालत बॅग भरतायत. आई असताना घालायचे तशी. मला वाटलं होतं, थोडे तरी कावरेबावरे होतील.

२७ जानेवारी

काल सकाळच्या एसटीने बाबा गेले. आज ड्युटीवरून आले, कुलूप माझं मीच काढलं. दिवा न लावता, गार भात पातेल्यातूनच खाल्ला. कित्येक महिन्यांत एवढी भूक लागली नव्हती. मग नाशिकला फोन केला — येत नाही म्हणून सांगितलं. आता इथलेच रविवार माझे.